दुसरा बोकड

उशीवरच्या कागदावर केस होता. एकच, हातभर लांब, मुळाकडे पांढरा आणि टोकाकडे जुन्या कलपाचा तांबूसपणा राहिलेला. कागदाला मधोमध डोक्याएवढा खळगा पडला होता. सकाळचे पावणेआठ झाले होते, पहिला पेशंट आठला यायचा होता, आणि प्राध्यापक चष्मा हातात घेऊन आपल्याच खोलीच्या दारात परक्यासारखे उभे होते. काल संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी स्वतः जुना कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलला होता, पायाने उघडायच्या डब्यात टाकला होता आणि गुंडाळीतून नवा फाडून उशीवर अंथरला होता. चौतीस वर्षं हा क्रम चुकलेला नव्हता. कागद दुसऱ्या कुणाच्या हातांनी बदललेला त्यांना चालत नसे, कारण दुसरे लोक घड्या नीट पाडत नाहीत. ते वाकले आणि त्यांच्या नाकाला डोकेदुखीच्या मलमाचा वास आला, वापरून शिळा झालेला, कातडीच्या उबेत मुरलेला. कुणीतरी त्यांच्या कोचावर पडून गेलं होतं.

आता गंमत अशी की या गृहस्थांचा धंदाच मुळी माणसांच्या आतल्या घाणीचा. विद्यापीठात ते चिकित्सा-मानसशास्त्र शिकवत आणि घरच्या या खोलीत सकाळ-संध्याकाळ मनोविश्लेषण करत. लोक येत, कोचावर आडवे होत आणि जे स्वतःच्या आरशालाही सांगणार नाहीत ते यांना सांगत. यांनी ते शांतपणे ऐकावं आणि पोटात ठेवावं. तोंडानं सांगितलेलं काहीही चाले. पण उशीवर राहिलेला तेलाचा डाग, कोचाच्या कडेला लागलेला ओलसर तळवा, रडून झाल्यावर पेशंटच्या नाकातून येणारा तो सूं सूं आवाज, हे त्यांना सहन होत नसे. किळस म्हणजे काय, ती लहान मुलाला कधी सुरू होते, घाणीची भीती ही खरं तर कशाची भीती असते, यावर ते दीड तास टिपणाशिवाय बोलू शकत. त्याचा उपयोग शून्य. पेशंट गेला की ते खिडकी उघडत, मनातल्या मनात शंभरापर्यंत मोजत आणि हात धूत. साबण त्यांनी स्वतःपुरता निराळा ठेवला होता.

झाडलोट करणाऱ्या मावशी मागच्या व्हरांड्यात फडकं पिळत होत्या. प्राध्यापकांनी तो कागद चिमटीत धरून त्यांच्यासमोर नेला.

"मावशी, माझ्या कोचावर तुम्ही आडव्या झाला होतात का?"

मावशींनी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "मी? अहो सर, मला घरी खाट नाही का? तुमची ती माणसं डोकी ठेवून जातात त्या उशीवर मी कशाला डोकं ठेवू? मी तिथं झाडते ना, तेव्हासुद्धा श्वास धरून झाडते. कुणाचं काय लागेल, सांगता येतंय?"

प्राध्यापकांना क्षणभर बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या घरात आपल्यासारखं किळसणारं आणखी कुणीतरी आहे. "मग हा केस कुणाचा?"

"बाईंना विचारा," मावशी म्हणाल्या आणि फडकं बादलीत आपटलं. "कागदाची गुंडाळी हल्ली लवकर संपते, तेही विचारा. मला मेलीला काय, मी डबा रिकामा करते."

त्यांनी बाईंना विचारलं नाही. बाई म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरात दूध तापवत होती. तिची पाठ दिसत होती, आणि पाठीवर विसविशीत वेणी, टोकाकडे तांबूस. दाराच्या चौकटीत ते थोडे रेंगाळले, तिनं वळून "काय हवंय?" असं विचारलं, ते "काही नाही" म्हणाले आणि परत फिरले. विचारणं हे काम पलीकडच्या खोलीतलं. घरात ते विचारत नसत. घरात ते सांगत. आठचा पेशंट आला, कोचावर आडवा झाला आणि सासऱ्याबद्दल बोलू लागला. प्राध्यापक खुर्चीत, त्याच्या डोक्यामागे, नेहमीच्या जागी बसले. पण नव्या कागदावर टेकलेलं ते डोकं त्यांना आज बायकोचं दिसत होतं आणि पन्नास मिनिटांत त्यांच्या कानात एक शब्द शिरला नाही. आपण तिला पाहून चिडलो असतो तर ठीक होतं, दया आली असती तरी ठीक होतं. आली ती शिसारी. चाळीस वर्षं ज्या डोक्याशेजारी आपण डोकं ठेवलं त्याचीच इथे, या उशीवर, शिसारी यावी? आणि ही पडून करते काय? झोपते? घरात तीन पलंग असताना? सकाळी सहा ते सात ते फिरायला जात. म्हणजे ती त्या तासात येत असणार. आणि गुरुवारी दुपारीही, ते विद्यापीठात असताना. आज गुरुवारच होता.

दोनच्या तासाला वर्ग भरलेला होता. या तासाला दुसऱ्या विभागांतली मुलंही येत, कारण प्राध्यापकांचं हे व्याख्यान गाजलेलं होतं. त्यावर त्यांचं पुस्तक छापखान्यात गेलं होतं आणि शेवटच्या प्रकरणाची मुद्रितं संध्याकाळपर्यंत तपासून द्यायची होती. सिद्धांत थोडक्यात असा. मनोविश्लेषणाच्या जनकाने आपल्या ज्यू बापजाद्यांचा धर्मग्रंथ घरच्या कपाटात ठेवला आणि मनाचं कोडं सोडवायला ग्रीकांच्या नाटकातला राजा उचलून आणला. पण उपचार त्याने कुठून आणला? तो घरच्याच कपाटातून आला, त्याला न कळत. त्या ग्रंथात सांगितलंय की वर्षातून एकदा दोन बोकड उभे करायचे, अगदी सारखे, आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाचा, तो तिथेच कापायचा. दुसरा जिवंत ठेवायचा. मुख्य पुरोहिताने दोन्ही तळवे त्याच्या डोक्यावर टेकायचे, सगळ्या लोकांची सगळी पापं मोठ्याने उच्चारायची, ती त्याच्या डोक्यावर घालायची आणि एका माणसाच्या हाती देऊन त्याला रानात सोडून द्यायचं. "आपण बळीचा बकरा म्हणतो," प्राध्यापक इथे नेहमी जरा थांबत, "आणि आपल्या डोळ्यांसमोर सुरी येते. पण सुरीखालचा बोकड सुटला. खरा विचार करायचा तो दुसऱ्याचा. त्याला कुणी मारत नाही. त्याला फक्त ऐकावं लागतं आणि घेऊन जावं लागतं. विश्लेषक हा तो दुसरा बोकड आहे. पेशंट आपले हात त्याच्या डोक्यावर ठेवतो, बोलतो, आणि हलका होऊन गावात परततो. विश्लेषक रानात जातो. जे ऐकलं ते त्याच्यात राहतं आणि त्याच्यातच मरतं." या शेवटच्या वाक्याला वर्ग हमखास गप्प होत असे. आयुष्यात त्यांचा कशावर विश्वास उरला असेल तर तो या एका वाक्यावर. देवावर नव्हता, आणि खरं सांगायचं तर पेशंट बरे होतात यावरही नव्हता.

ही गोष्ट त्यांना आजोबांनी त्याच ग्रंथातून वाचून सांगितली होती. आजोबांच्या दाढीला तपकिरीचा वास यायचा आणि वाचताना त्यांच्या खालच्या ओठावर थुंकीचा एक थेंब जमायचा. तो आता पडेल, आता पडेल, पडला तर नेमका पानावर पडेल, या धास्तीने सहा वर्षांच्या नातवाचं अर्धं लक्ष तिकडेच असे. पहिला बोकड कापला तेव्हा नातू रडला नाही. दुसरा निघाला तेव्हा रडला. "तो कुठे जातो, आजोबा?" "रानात." "मग?" "मग काय? गेला." "त्याला परत आणायला कोण जातं?" आजोबांनी ओठ पुसला आणि म्हणाले, "वेडाच आहेस. त्याला परत आणला तर मग लोकांनी काय करायचं?" त्या रात्री नातवाने भीतीने अंथरूण ओलं केलं आणि सकाळी आईनं ती चादर सगळ्यांच्या देखत नाक मुरडून, दोन बोटांच्या चिमटीत धरून नेली. ती चिमूट प्राध्यापकांनी आपल्या स्वतःच्या विश्लेषणात तीन महिने चघळली होती आणि तिचा सोक्षमोक्ष लागला असं त्यांच्या गुरूंनी जाहीरही केलं होतं.

"सर, एक शंका होती." तिसऱ्या रांगेतली चष्मेवाली उठून उभी राहिली. ही मुलगी ग्रंथालयात बसून मुळातलं वाचते, म्हणून शिक्षकांमध्ये ती थोडी नावडती होती. "तुम्ही म्हणता विश्लेषक बोकड आहे. पण बोकड संध्याकाळी घरी जातो का, सर?"

वर्गात हशा पिकला. प्राध्यापकही हसले. "घरी न जाऊन सांगतो कुणाला?"

"नाही म्हणजे, मी ते प्रकरण वाचलं. त्यात बोकड परत येतच नाही. परत येतो तो त्याला सोडून येणारा माणूस. आणि त्यानं आधी कपडे धुवायचे, अंगावरून पाणी घ्यायचं, मगच वस्तीत यायचं, असं लिहिलंय. म्हणून मला वाटलं की विश्लेषक तो असेल. मग बोकड कोण?"

प्राध्यापकांनी काहीतरी उत्तर दिलं. चांगलं दिलं असणार, कारण मुलांनी ते उतरवून घेतलं. पण फळ्याकडे वळताना त्यांना आपला हात धुतलेला, पांढरा, साबणाने सुरकुतलेला दिसला. रोज सात वाजता, शेवटचा पेशंट गेल्यावर, ते आंघोळ करत. डोक्यावरून. मग धुतलेला सदरा घालत आणि जेवायच्या टेबलाशी बसत. बायको वाढत असे. ते दोन्ही तळवे टेबलावर पालथे टेकत, एक श्वास घेत आणि म्हणत, "आज एक गंमत झाली."

त्यांनी मुलांना सांगितलं की बरं वाटत नाही, आणि तास अर्ध्यावर सोडला. वाटेत बसथांब्यावर एक माणूस संत्रं सोलून खात होता आणि बिया तळहातावर थुंकत होता. प्राध्यापक तोंड फिरवून चालतच निघाले. नाव आपण कधीच सांगितलं नाही, असं ते स्वतःशी म्हणत होते. नियम म्हणजे नियम. नाव नाही, पत्ता नाही, शिवाय जमेल तिथे धंदा बदलून सांगायचा, वय दहा वर्षं इकडेतिकडे करायचं. टेबलापुरती त्यांनी सगळ्यांना टोपणनावं दिली होती. घड्याळवाला, जो खरा घड्याळवाला नव्हता. दातांची डॉक्टरीण, जिला नवऱ्याच्या तोंडाची ओकारी येई आणि दिवसभर परक्यांची तोंडं उघडून बघण्यात मात्र सुख वाटे. बाटलीवाला, जो स्वतःची कापलेली नखं बाटलीत साठवायचा आणि उदास वाटलं की बाटली वाजवायचा. शिंकऱ्या, ज्याला वडिलांचा विषय निघाला की सटासट शिंका यायच्या. शिंकऱ्याची तर ते हुबेहूब नक्कल करत. बायको पदर तोंडाला लावून हसे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि सांगून झालं की त्यांना भूक लागे. सपाटून लागे. एवढं ऐकूनही तुम्हाला झोप कशी येते, असं सहकारी विचारत, तेव्हा ते गूढ हसत. जे ऐकलं ते माझ्यात राहतं आणि माझ्यातच मरतं. आता रस्त्यातून चालताना त्यांनी आठवून पाहिलं. घड्याळवाल्याचं दुखणं काय होतं? आठवेना. बाटलीवाला शेवटी कशानं बरा झाला, झाला का? आठवेना. आत सगळं स्वच्छ होतं, पाटावरवंटा धुऊन उभा करून ठेवावा तसं.

घरात शिरताना त्यांनी जोडे हातात घेतले. आपण असं का करतोय हे त्यांना कळत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती. खोलीला दोन दारं होती, एकामागे एक, मध्ये वीतभर जागा, दोन्हींना आतून जाड अस्तर. बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतलं अक्षर ऐकू जाता कामा नये म्हणून त्यांनी ती मुद्दाम करवून घेतली होती आणि बायकोला बाकावर बसवून, आत ओरडून, तपासूनही पाहिली होती. त्यांनी बाहेरचं दार उघडलं आणि त्या वीतभर अंधारात उभे राहिले. बाहेरच्या दाराआड काही ऐकू येत नाही हे खरं. पण इथे, मधल्या जागेत, सगळं ऐकू येतं. चौतीस वर्षांत हे त्यांना माहीत नव्हतं.

"...आणि मी आईच्या औषधात पाणी घालायचे," आत बायको म्हणत होती. "थोडंसंच. ती लवकर जावी म्हणून नव्हे हो. ती फार कडू म्हणायची म्हणून. पण नंतर मला कळेना की मी कशासाठी घालत होते." सपाट आवाज, एकसुरी, कोचावर आडव्या झालेल्या माणसाचा असतो तसा. सासूबाई तर अपघातात गेल्या होत्या. मग हळूहळू, खोल विहिरीतून बादली वर यावी तसं त्यांना आठवलं. ही शाळेतली बाई. बारा वर्षांपूर्वीची एक पेशंट. हे तिचं वाक्य. "मी नखं टाकू शकत नाही," बायको पुढे म्हणाली, "कारण तेवढाच माझा भाग आहे जो मला सोडून गेला तरी दुखत नाही." हा बाटलीवाला. एका अक्षराचाही फरक नव्हता. त्यांनी टेबलावर सांगितलं असेल त्यापेक्षाही ते नीट होतं, जणू त्यांनी चढवलेला विनोदाचा मुलामा खरवडून तिनं आतलं मूळ वाक्य काढलं होतं. ते दार ढकलून आत गेले.

ती दचकली नाही. कोचावर उताणी पडली होती, हात पोटावर, पायातल्या चपला खाली जोडून ठेवलेल्या. डोक्याखाली कागद होता. कपाळावर मलम चमकत होतं.

"आलात?" ती छताकडे बघत म्हणाली. "मला वाटलं सकाळीच विचाराल. रोज मी कागद बदलते. आज मुद्दाम ठेवला."

"हे काय चाललंय?" त्यांचा आवाज चिरका निघाला. "कधीपासून?"

"बसा ना. तुमच्या जागेवर बसा. उभ्यानं माझ्याकडे बघताय ते मला नको वाटतंय. तोंड बघा तुमचं, पालीवर पाय पडल्यासारखं झालंय."

ते बसले. सवयीने बसले, तिच्या डोक्यामागे, जिथून फक्त कपाळ आणि केस दिसतात. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

"शिंकऱ्या गेल्यापासून," ती म्हणाली. "म्हणजे सहा वर्षं."

शिंकऱ्याने जीव दिला होता हे प्राध्यापकांना माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. त्याच्यावर त्यांनी एक निबंध लिहिला होता, परिषदेत वाचला होता. बोलून दाखवणाऱ्या पेशंटचा धोका विश्लेषकाला का दिसत नाही, असा काहीसा विषय होता आणि चर्चा चांगली झाली होती.

"तुम्ही मला बुधवारी सांगितलंत. वरणभात... नाही, तुम्हाला बरं नव्हतं, सूप केलं होतं. सूप पिता पिता सांगितलंत. म्हणालात, आज शिंकऱ्या म्हणाला की रविवारपर्यंत सगळं आवरून टाकतो. आणि शिंकला. मग तुम्ही शिंकून दाखवलंत. मी म्हटलं, अहो, तो खरंच काही करेल का? तुम्ही म्हणालात, छे, बोलणारे करत नसतात, आणि पाव मागितलात. मी हसले होते. शिंकेला हसले. शुक्रवारी तो आला. दार मीच उघडते ना नेहमी. तुम्हाला उशीर होता, तो बाकावर बसला. म्हणाला, बाई, जरा पाणी मिळेल का? मी आणून दिलं. अर्धा पेला प्यायला आणि म्हणाला, तुमच्या घरात किती शांत वाटतं. आणि मला सगळं माहीत होतं. त्याच्या वडलांनी त्याला काय केलं तेसुद्धा माहीत होतं. रविवार माहीत होता. तोंडाशी आलं होतं माझ्या की, भाऊ, असं काही करू नका. एवढंच. पण मला कसं माहीत असणार? मला माहीत असायचंच नाही ना. मी म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की इथलं बोलणं तिथं जातं. मग तुमचं काय राहिलं असतं? मी म्हटलं, आणखी पाणी हवंय का? तो नको म्हणाला."

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरून थांबली.

"तुम्ही धंदे बदलून सांगता. मला हसू यायचं. दार मी उघडते, छत्र्या मी घेते, मला कळत नाही होय कोण कोण ते? दातांची डॉक्टरीण मला बाजारात भेटते. माझ्याशी दोन शब्द बोलते, पोरांची चौकशी करते. मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नाही. माझं मन नासलंय. तुम्हाला आंघोळ केली की बरं वाटतं. मी करून पाहिली, मला नाही वाटत. एकदा ताईकडे गेले होते तेव्हा वाटलं, तिला सांगावं. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं मी हिला सांगायचं, हिनं कुणाला सांगायचं? आणि मग असंच एका सकाळी इथं येऊन पडले. तुमची खुर्ची रिकामी होती, तिला सांगितलं. त्यानं काही होत नाही. पण दुपारपर्यंत जरा डोकं उतरतं."

"तू मला सांगायचंस," प्राध्यापक म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडलं आणि खोलीत कुजल्यासारखं तरंगत राहिलं असं त्यांना वाटलं.

"कधी? जेवताना?" ती पहिल्यांदाच हसली. "तुम्ही बोलत होतात ना." मग बराच वेळ ती गप्प राहिली. आपली विद्या सांगते की या गप्पपणात पडू नये, तो पेशंटचा असतो. ते पडले नाहीत. ते तिच्या भांगाकडे बघत होते, रुंदावलेल्या, खालची कातडी दिसणाऱ्या, आणि सकाळची शिसारी परत येईल म्हणून दबा धरून बसले होते. ती आली, पण भांगावर टेकेना. खोलीभर फिरली आणि त्यांच्याच मांडीवरच्या दोन धुतलेल्या, पांढऱ्या तळव्यांवर येऊन बसली. तळवे पालथे होते. टेबलावर असतात तसे.

"मला तुमची किळस येते," बायको म्हणाली. तिनं ते अगदी हळू, चोरलेली वस्तू परत जागेवर ठेवावी तसं ठेवलं. "हे मी खुर्चीला रोज सांगायचे. तुम्हाला सांगितलं नव्हतं. नेहमी नाही येत. आजारी असता तेव्हा नाही येत, झोपलेले असता तेव्हा नाही. आंघोळ करून येता ना, केस ओले, सदरा पांढरा, आणि हात टेकता, तेव्हा येते. मला उठून पळावंसं वाटतं. मग मी म्हणते, काय झालं आज? कारण तुम्हाला मी विचारलेलं आवडतं."

कितीतरी सांगण्यासारखं होतं. चुकलो म्हणता आलं असतं. रडता आलं असतं, उठून तिचा हात धरता आला असता. त्यांच्या छातीत काहीतरी खरोखर हललं, वर येऊ लागलं, आणि त्याच वेळी त्यांची नजर, चौतीस वर्षं शिकवलेली नजर, घड्याळाकडे गेली. तीन पन्नास.

"आज आपण इथे थांबू या," प्राध्यापक म्हणाले.

शब्द बाहेर पडल्यावर त्यांना ते ऐकू आले. बायकोनेही ऐकले. ती उठून बसली, चपलांत पाय सरकवले, उशीवरचा कागद काढला, नीट चार घड्या घातल्या, आणि डब्याकडे न जाता तो त्यांच्या मांडीवर ठेवला. जाताना तिनं दोन्ही दारं ओढून घेतली.

पाचला दातांची डॉक्टरीण आली. प्राध्यापकांनी नवा कागद अंथरला, तिला आडवं व्हायला सांगितलं, बसले. तिनं त्या दिवशी एक गोष्ट सांगितली जी तिनं चार वर्षांत सांगितली नव्हती, लहानपणची, एका काकांची आणि काकांच्या तोंडाच्या वासाची. सांगताना तिला दोनदा ओकारी आली. जाताना ती म्हणाली, "किती हलकं वाटतंय, सर." दारात बायकोनं तिला छत्री दिली. सहाचा पेशंट आला आणि गेला. प्राध्यापकांनी मुद्रितं पुढे ओढली, शेवटच्या पानावरचं ते वाक्य वाचलं आणि लाल पेन्सिल त्यावर धरून बसले, पण खोडलंही नाही आणि तसंही ठेववेना. सात वाजता ते न्हाणीघरात गेले, नळ सोडला, पाण्याखाली हात नेला आणि मागे घेतला. नळ बंद केला. दिवसभराच्या घामट सदऱ्यातच ते जेवायला आले.

बायकोनं त्यांच्याकडे एकवार पाहिलं. पाव कापून ठेवला, उकडलेले बटाटे वाढले, मिठाची कुपी त्यांच्याकडे सरकवली. समोर बसली. टेबल पुसून काढलेलं, ओलसर होतं. त्यांचे तळवे आपोआप वर आले आणि पालथे टेकले. काकांचा तो वास त्यांच्या घशात होता, बटाट्याच्या घासाला येऊन चिकटला होता. घास आत जाईना. एकदा सांगितलं की जाईल हे त्यांना ठाऊक होतं. अगदी थोडंसं, नाव न घेता. जिभेवरचं बाहेर यायला अधीर झालं होतं आणि टेबलापलीकडे दोन कान होते, चाळीस वर्षांचे, ओळखीचे.

"आज ती..." ते घास तोंडात ठेवूनच म्हणाले.

बायकोनं चमचा खाली ठेवला. रागावली नाही, डोळेही वटारले नाहीत, फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, बाकावर पाणी पिणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं.

"गिळा," ती म्हणाली.

त्यांनी हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले आणि गिळलं. ते खाली उतरायला फार वेळ लागला. ती तोवर थांबली, आणि मग जेवू लागली.